दाताएवढं सोनं

आम्ही झारेकरी. हा शब्द आता फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून सांगतो. सोन्याचं काम करणाऱ्या कारागिरांच्या दुकानापुढच्या गटारातली माती उपसायची, धुवायची आणि तिच्यात हरवलेलं सोनं काढायचं, हा आमचा धंदा. कोल्हापुरात गुजरी नावाची सोन्याची पेठ आहे. लोक तिथं पुढच्या दाराने सोनं घ्यायला जायचे, आम्ही गटाराच्या वाटेने. सोनं तेच.

कारागीर कानस मारतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. त्याच्या बनियनला चिकटतो, केसांत बसतो, नखांत जातो. तो हात धुतो, टॉवेल झटकतो, आणि ते सगळं मोरीतून बाहेर येतं. दुकानं उघडायच्या आत आप्पा आणि आई, म्हणजे माझे आईवडील, गटारातला गाळ पाट्यांत भरून घरी आणायचे. मग परसात बसून धुणं. हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. तळाच्या काळ्या रेतीत पारा घोळायचा, मग तो जाळायचा, की शेवटी तांदळाच्या कणीएवढा मणी हाती यायचा. तो संध्याकाळी त्याच पेठेत विकला जायचा. आम्ही काढलेलं सोनं आमच्या घरी कधी मुक्कामाला राहिलं नाही.

उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं की आधी माती धुतली जायची. उरलं तर आम्ही. त्यामुळे शाळेत माझ्या शर्टाला जो वास यायचा तो मी इथं वर्णन करत नाही. माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही, एवढं सांगितलं की पुरे. पुढं मी मोठेपणी विमानात मधल्या सीटवर बसायला लागलो तेव्हा मला त्या ऐसपैस बाकाची फार आठवण यायची.

त्या पेठेत एक सराफ होता, त्याला वरच्या बाजूला सोन्याचा सुळा होता. तो हसला की दुकानाचं शटर अर्धं उघडल्यासारखं वाटायचं. आप्पा त्याच्या गटारात कोपरापर्यंत हात घालून बसलेले असायचे आणि वर बघून त्या दाताचा हिशेब करायचे. "ह्यो मेला की दात काढून घेत असतील का तसाच जाळत असतील रं?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी तिसरीत होतो.

मग त्यांचा स्वतःचा वरचा डावा सुळा पडला. हाडूक चावताना. तेव्हापासून आप्पांनी घरात जाहीर करून टाकलं की इथं सोन्याचा दात बसणार. आई म्हणायची, "आधी पत्र्याला डांबर लावा." डांबर लागलं. दात राहिला.

मी घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण ते लिहायला मला आवडतं. सिव्हिल इंजिनिअरिंग, सरकारी कॉलेज. सर्वेक्षण हा एकच विषय असा होता की त्यात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. जमिनीकडे बघत चालायची सवय घरातूनच होती. पुढं नकाशांच्या सॉफ्टवेअरचं शिकलो, व्हिसा मिळाला, आणि आज मी मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात राहतो. पाण्याच्या पाइपलाइनी जमिनीखाली कुठून कुठं जातात त्याचे नकाशे सांभाळण्याचा मी पगार घेतो. म्हणजे गटाराशी संबंध सुटला असं म्हणता येणार नाही, पण आता हात कोरडे असतात.

बायको पुण्याची. आमचं ठरलं तेव्हा आप्पांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, "आमी सोन्याच्या लायनीत." सासरे खूश झाले. अजून अधूनमधून ते मला विचारतात, सोन्याचा भाव कुठं जाईल म्हणून. मी म्हणतो, वर.

लॉकडाऊनमध्ये मला मेटल डिटेक्टरचा नाद लागला. इथं बॅलराटच्या आसपास एके काळी सोन्यासाठी जगभरातून माणसं येऊन पडली होती, तंबूंची गावं वसली होती आणि सोनं संपल्यावर उठून गेली होती. जमिनीत अजून थोडंबहुत आहे असं लोक सांगतात. सरकारी परवाना काढायचा, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, जुन्या वास्तूंच्या नोंदीत ती जागा नाही ना ते बघायचं, आणि डिटेक्टर घेऊन चालत सुटायचं. मी चालत सुटलो. मला बिअरच्या बाटल्यांची झाकणं सापडली. शिशाच्या गोळ्या सापडल्या. एकदा बराच मोठा आवाज आला म्हणून गुडघाभर खणलं तर ट्रॅक्टरचा नटबोल्ट निघाला. बायको म्हणाली, "हार्डवेअरचं दुकान टाक आता."

खरी गंमत मला यंत्रापेक्षा नकाशांत वाटायची. त्या काळातल्या मोजणीदारांनी हाताने काढलेले नकाशे आता कॉम्प्युटरवर फुकट बघायला मिळतात. त्यांत ओढे आहेत, पायवाटा आहेत, घोडे गोल गोल फिरवून चिखल घुसळायच्या जागा आहेत, आणि अगदी बारीक चौकोन आहेत, ते म्हणजे झोपड्या. हा जुना नकाशा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर ठेवायचा. पण ठेवायला काहीतरी न हललेलं लागतं: रस्त्याचा कोपरा, मोजणीचा दगड, ओढ्याचं वळण. तीन-चार टाचण्या बरोबर बसल्या की मग सगळा नकाशा ताणून जागेवर येतो. नाहीतर साडीची घडी चुकल्यासारखं होतं, एक टोक जुळलं की दुसरं पायात.

लॉकडाऊन उठून विमानं परत सुरू झाली, आणि ह्या नादाच्या ऐन भरात आप्पा आले. आई विमानात बसायला तयार नव्हती, ती माझ्या बहिणीकडे राहिली. आप्पा एकटे आले, माकडटोपी घालून, इथल्या थंडीत, आणि गॅरेजमध्ये त्यांना डिटेक्टर दिसला.

"ह्ये काय?"

मी सांगितलं. बटण दाबून दाखवलं. जमिनीवर नाणं टाकून वाजवून दाखवलं.

आप्पांनी ते नाणं उचलून माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "म्हंजे तुला शिकवला, इंजनेर केला, इमानानं हिकडं धाडला. आन् तू सुट्टीच्या दिवशी माती उकरतोस."

"छंद आहे, आप्पा."

"आमचा बी छंदच हुता की. निस्ता त्यावर पोट चालायचं."

बायको आत जाऊन हसली. मला ऐकू आलं.

दुसऱ्या आठवड्यात मी आप्पांना म्हटलं की इथल्या डेंटिस्टकडे जाऊ, तो सुळा बसवून टाकू, पाहिजे तर सोन्याचा. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. आप्पा म्हणाले, "इकतचं सोनं नको. इकत घिऊन काय, सराफाची सून बी घालती. आयुष्यभर धुतलेलं समदं दुसऱ्याच्या गळ्यात गेलं. हा एक दात म्या धुतलेल्या सोन्याचा पायजे." मग डिटेक्टरकडे बोट करून म्हणाले, "तुज्या ह्या कुत्र्याला घाल की कामाला. का निस्तं भुंकतंय?"

आप्पांचं परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं होतं. नंतर ते परत येतील याची मला खात्री नव्हती. वय झालं होतं, आणि इथला चहा त्यांना पसंत नव्हता. मी म्हटलं, "जायच्या आत दाताएवढं सोनं काढून देतो."

"दात केवढा असतुया ठावं हाय का?"

"तुम्ही बघालच."

बोलून बसलो आणि मग नकाशे उघडले.

डिटेक्टरवाले सगळे जातात तिथं जाण्यात अर्थ नव्हता. नकाशावर जिथं खाणी खुणावल्यात तिथली माती तीन पिढ्यांनी चाळून टाकलीय. मी खाणींकडे बघणं सोडलं. आम्ही गुजरीत सोनं शोधलं, तिथं कुठं खाण होती? सोनं तिथं सांडतं जिथं तराजू असतो. चार लोक ते हातात घेतात, पुडी उघडतात, फुंकर मारतात, हात झटकतात. तेव्हा मला तराजू शोधायचा होता.

एका ओढ्याच्या उत्तरेला, जुन्या नकाशावर, एका चौकोनापाशी बारीक अक्षरांत 'स्टोअर' लिहिलेलं सापडलं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळल्यावर कळलं की तो दुकानदार पीठ, मेणबत्त्या आणि फावडी विकायचा आणि खाणवाल्यांचं सोनं विकतही घ्यायचा. आता तिथं मेंढ्यांचं कुरण होतं. मालकीण एक सत्तरीची बाई. मी फोन केला, जाऊन भेटलो, परवाना दाखवला. ती म्हणाली, ओढ्याच्या उत्तरेच्या कुरणात काय पाहिजे ते करा. दक्षिणेच्या कुरणात पाऊल ठेवायचं नाही, तिथं मेंढ्या व्यायल्या आहेत, कोकरं दोन दिवसांची आहेत. मी म्हटलं, नो वरीज.

पुढच्या शनिवारी निघालो. आप्पांनी माकडटोपीवर माझं भगभगीत पिवळं साइटवरचं जॅकेट चढवलं होतं. लांबून बघितलं तर कुणाला वाटावं की रस्ता खणायला कंत्राटदाराचा माणूस आलाय. बायको डबा घेऊन बरोबर होती. तिच्या पायांत जोडवी, त्यामुळे ती जवळून गेली की डिटेक्टर वाजायचा. आप्पा म्हणाले, "सूनबाई, लांबनं चाला. कुत्रं तुमच्यावरच भुंकतंय."

गाडीत बसल्यापासून आप्पांनी माझ्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ट्रुगानिनापासून फाटकापर्यंत त्यांनी तिला दिसेल ती मेंढी दाखवली. "ही बग. ही बी बग. ही मघाचचीच हाय का न्हाय ते सांग." गाडी फाटकाशी लावून आम्ही ओढ्यापर्यंत चालत गेलो, मी नकाशा उघडायला फोन काढला, आणि फोन मेला होता.

बायकोच्या फोनवर माझे नकाशे नव्हते, पण खिशात कागदावर छापलेला नकाशा होता. त्यावर उत्तर दिशेचा बाण होता. फक्त जमिनीवरची उत्तर शोधायची होती, आणि त्यात काय विशेष? हिवाळ्यातलं ऊन, बाराचा सुमार. सूर्य समोर आला की तोंड दक्षिणेला, हे मला आप्पांनीच शिकवलेलं, गुजरीतून घरी येताना. मी सूर्याकडे पाठ केली.

"ही उत्तर," मी म्हटलं.

"बरोबर," आप्पा म्हणाले.

बायको भूगोलात नापास होता होता वाचलेली. तीही मान डोलावून मोकळी झाली.

ओढा ओलांडून आम्ही चढावर गेलो. अर्ध्या तासात डिटेक्टर असा वाजायला लागला की लग्नाच्या बँडवाल्याने मान खाली घालावी. खिळे. चौकोनी डोक्याचे, हाताने घडवलेले, गंजलेले खिळे. जरा पुढं गेलं की परत खिळे. मी चिडलो. आप्पा मात्र खूश.

"लोखंड हाय म्हंजे घरं हुती. घरं हुती म्हंजे माणसं. आन् माणूस म्हटला की त्येच्या हातनं सांडणारच."

त्यांनी खुरपं घेतलं. प्रत्येक खिळ्याला एक खड्डा, वीतभर. माती घमेल्यात घ्यायची, बाकीची परत खड्ड्यात, तिच्यावर गवताचा काढून ठेवलेला गड्डा जसाच्या तसा, आणि वरून पायाने दाबायचं. हे ते कुणी न सांगता करत होते. गुजरीत गटारावरची फरशी उचलली की होती तशी बसवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी सराफ उभं करायचा नाही. बाकी कशात नसला तरी ह्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

घमेल्यातल्या मातीत सोनं नव्हतं. तिथून ओढ्याच्या पाण्याशी ने-आण करून माझ्या पाठीचा काटा ढिला झाला. आणि मग टेकाडाच्या पलीकडून एक मेंढी आली. तिच्यामागे दोन कोकरं, नीट चालताही न येणारी. आणि त्यांच्यामागे चार चाकांच्या मोटरसायकलवर मालकीण.

ती उतरली. टोपी मागे सारली. मला म्हणाली, "मी कुठलं कुरण सांगितलं होतं?"

"उत्तरेचं."

"आणि तू कुठं आहेस?"

मी नकाशा काढला. सूर्याकडे बोट दाखवलं. समजावून सांगायला लागलो. तिने मला वाक्य पुरं करू दिलं, हे तिचे उपकार. मग म्हणाली, "मेट, इथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो."

माझ्या घराच्या छपरावर सोलर पॅनल आहेत. ते उत्तरेकडच्या उतारावर आहेत. ते तिथंच का, यावर मी सेल्समनशी अर्धा तास हुज्जत घालून मगच सही केली होती. नकाशांवर माझं घर चालतं. अशी माणसं नोकरीला ठेवतात आणि मग पाइप फुटतात.

"काय म्हनतीया?" आप्पांनी विचारलं.

"सूर्य उलटा आहे म्हणते."

आप्पांनी वर बघितलं, पाठीमागे बघितलं. "मग आदी सांगाया काय झालं हुतं तिला?"

बायकोने ह्याचं भाषांतर केलं नाही. पण मालकीण खरोखर रागावली होती. मागच्या वर्षी अशाच कुणीतरी खड्डे उकरून तसेच टाकले होते, एका मेंढीचा पाय त्यात मोडला होता आणि तिला गोळी घालावी लागली होती. "सामान उचला," ती म्हणाली. "आणि खड्डे दाखवा. किती केलेत?"

आम्ही दाखवायला गेलो आणि आमची पंचाईत झाली. खड्डे सापडेनात. आप्पांनी इतके नीट बुजवले होते की बायको म्हणाली इथे होता, मी म्हटलं तिकडं. मालकीण बुटाच्या टाचेने जमीन दाबत फिरली. एका ठिकाणी गवताचा गड्डा उचलला, खाली बघितलं, परत ठेवला, पायाने दाबला. अगदी आप्पांसारखाच. मग आप्पांकडे बघून मला विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील."

"काय करायचे?"

मी तोंड उघडलं. सोन्याच्या लाइनीत म्हणणार होतो. मग म्हटलं, "सोनारांच्या गटारातली माती धुऊन सोनं काढायचे. आई पण. त्यावर मी शिकलो." बायकोला हे माहीत होतं, पण मी तिच्यासमोर परक्या माणसाला सांगितलं ते पहिल्यांदा. तिने झाकण उघडून डबा मालकिणीपुढे धरला. मालकिणीने एक साबुदाणावडा घेतला, चावला, उरलेला बोटांत फिरवून बघितला.

"आज घरी जा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी या. उत्तरेला. म्हातारबाबा खड्डे भरणार असतील तर."

घरी येताना आप्पा म्हणाले, "सूर्व्यासुद्दा उलटा असलेल्या मुलखात तुला नोकरी कशी काय दिली?"

मी गाडीचा रेडिओ लावला. पण संध्याकाळी फोन चार्ज झाल्यावर नकाशा उघडला आणि मला वेगळंच काही दिसलं. जिथं जिथं खिळे निघाले तिथं खणायच्या आधी आप्पांनी खुणेला एकेक खडा ठेवला होता आणि खड्डा बुजवताना उचलला होता, पण बायकोने त्याआधीच त्या रांगेचा फोटो तिच्या फोनवर काढला होता, ओढ्याच्या वळणासकट. जुन्या नकाशात ओढ्याच्या दक्षिणेला झोपड्यांच्या चौकोनांची अशीच तिरकी रांग होती. मी आतापर्यंत ओढ्याच्या वळणावर टाचणी मारत होतो. पण खाणवाल्यांनी तो ओढाच उकरून सरकवला होता. न हललेलं असं तिथं काही नाही, हीच माझी अडचण होती. खिळे हलले नव्हते. मी नकाशा खिळ्यांवर बसवला. सगळा कागद एका बाजूला सरकला आणि 'स्टोअर' माझ्या आधीच्या जागेवरून उचलून उत्तरेच्या कुंपणाजवळच्या एका मोठ्या, लोंबत्या फांद्यांच्या झाडाखाली गेलं. म्हणजे आम्ही योग्य दिशेला गेलो असतो तरी चुकीच्या जागी खणत बसलो असतो. ते झाड मालकिणीच्या पणजोबांच्याही आधीचं, हे तिने नंतर सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही त्या झाडाखाली होतो. डिटेक्टरने आधी खिळे दाखवले, म्हणजे भिंत कुठून कुठं होती ते कळलं. मग घोड्याची नाल. मग एका कोपऱ्यात, जिथं मला दाराचा उंबरा असावा असं वाटत होतं, बारीक, गोड आवाज आला. खिळ्याचा तसा नसतो. मी मातीत बोटं घातली. तुरीच्या डाळीएवढा तुकडा, पिवळा, एका बाजूने चेपलेला.

मी तो आप्पांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दातांनी चावून बघायला तोंडाजवळ नेला, आणि नेमकी तिथंच फट.

"दुसऱ्या बाजूनं चावा," बायको म्हणाली.

"सोनंच हाय," आप्पा म्हणाले. "पर अर्धा दात बी व्हनार न्हाय. बाकीचं धुवाया लागंल."

धुवायला लागेल म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. गुडघे त्यांना आता फार वेळ उकिडवं बसू देत नव्हते. मी कॉलेजात गेलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं की हे एक काम मी पुन्हा करणार नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मालकिणीच्या शेततळ्याच्या काठाला बसलो आणि घमेलं पाण्यात धरलं. तळ्याच्या कडेला शेण होतं. वास ओळखीचा निघाला.

आप्पा दगडावर बसून सूचना देत होते. "हळू. बाळ झोपवतोयस का कपडे खळबळतोयस? आरं, कड वर कर. वाहूदे. आता थांब. आता हलवू नको. इंजनेर झाला आन् मनगट गेलं." पण मनगट गेलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या घमेल्याला ते आपोआप फिरायला लागलं. काळी रेती तळाला, आणि तिच्या कडेला पिवळी रेघ, भुवईच्या केसाएवढी बारीक.

"हं," आप्पा म्हणाले. ते कौतुक होतं.

आम्ही दर शनिवारी जात राहिलो; जाड धुणं माझं, शेवटचं घमेलं आप्पांचं. मालकिणीने कोकरं मोठी झाल्यावर दक्षिणेचं कुरणही मोकळं केलं, पण आम्ही झाडाखालीच राहिलो. ती चहा आणायची, आप्पा तो प्यायचे आणि मला मराठीत सांगायचे की ही बाई चांगली आहे, चहा मात्र धुण्याचं पाणी आहे. नाल तिने मेंढ्यांच्या शेडवर टांगली. सोन्यातला वाटा मी दोनदा देऊ केला. ती म्हणाली, दात कुणाचा पडलाय, माझा का त्याचा?

घरी काळ्या रेतीतून सोनं वेगळं करायचं होतं. आप्पांनी पारा मागितला. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की विषय संपला. मग फ्रिजवरचा कांगारूचा लोहचुंबक काढला, कागदाखालून फिरवला. लोखंडी रेती कांगारूच्या मागे धावत गेली आणि पिवळं जागेवर राहिलं. आप्पा ते पुन:पुन्हा करून बघत बसले. "आमच्या टायमाला ह्यो उंदीर पायजे हुता," ते म्हणाले.

सगळं मिळून औषधाच्या एका छोट्या बाटलीच्या तळाशी आलं. बाटली कुठं ठेवायची ते मी विचारलं. आप्पांनी ती फ्रिजवर ठेवली, जरा मागे सारली, लांब होऊन बघितली. "हितं राहूदे," म्हणाले. "आज इकायचं न्हाय." आणि टीव्हीवर क्रिकेट लावून बसले. अधूनमधून त्यांची मान फ्रिजकडे वळत होती.

सप्टेंबरअखेर आप्पा गेले, बाटली बनियनच्या आतल्या खिशात. कोल्हापूरला त्यांनी गुजरीतल्याच एका कारागिराकडून ते सोनं वितळवून घेतलं. समोर बसून, त्याने हात धुतले तर पाणी कुठं जातं तिकडे लक्ष ठेवून. दातांच्या डॉक्टरांनी आधी नको म्हटलं, मग त्यांच्या पद्धतीचा मिश्रधातू घालून दात बनवून घेतला आणि शेजारच्या दातांच्या आधाराने बसवला. परवा व्हिडिओ कॉलवर आप्पांनी कॅमेरा इतका जवळ धरला की आम्हाला दातापेक्षा घसाच जास्त दिसला. मागून आईचा आवाज आला, "आता तोंड मिटतच न्हाईत. जेवताना बी हसत्यात."

आप्पांच्या वरच्या डाव्या सुळ्याच्या जागी आता सोन्याचा दात आहे. त्यातलं सोनं जुना नकाशा वाचून मी शोधलं, आणि आम्ही दोघांनी धुऊन काढलं.